पलंगाखालची फरशी

५ डिसेंबर, गुरुवार
सुट्टी. सकाळी नऊला चिंचवडला, आईकडे. टेप धरून मापं घेतली. हॉल चौदा बाय दहा, आतली खोली दहा बाय दहा, स्वयंपाकघर नऊ बाय सात. गॅलरी अरुंद. दुसरा मजला, लिफ्ट नाही. अण्णांनी कंपनीतल्या कामगारांबरोबर मिळून ही सोसायटी उभी केली तेव्हा मी चालायला लागलो नव्हतो. तेव्हापासून रंग सोडला तर घराला कुणी हात लावलेला नाही.

बाबू मिस्त्री आला होता. लातूरकडचा, भोसरीत आमच्या वर्कशॉपच्या मागच्या गल्लीत राहतो. वर्षानं यादी पाठवली होती, ती त्याला वाचून दाखवली. सगळी फरशी काढून व्हिट्रीफाइड. हॉल आणि स्वयंपाकघरामधली भिंत काढायची. ओटा चार इंच वर. खिडक्या स्लायडिंग. मार्चमध्ये भोसरीची भाड्याची जागा सोडून इथं यायचं. लेक ऋतुजा कॉलेजला नाशिकला गेली, आई इथं एकटी, आम्ही तिकडं दोघं. याला काही अर्थ नाही, हे वर्षाच म्हणाली होती.

आई म्हणाली, "करा तुम्हाला हवं ते." मग थोड्या वेळानं, "फरशी पण काढणार का?"
"हो."
"बरं."

काम चालू असताना भोसरीला ये म्हटलं. नाही म्हणाली. आतली खोली शेवटी करा, मी तिथं राहीन.

९ डिसेंबर, सोमवार
काम सुरू. मी सेकंड शिफ्टच्या आधी जाऊन आलो. गॅलरीकडून तोडायला घेतलं. मोझॅकच्या दहा इंची फरश्या, कडेनं काळी पट्टी. निघता निघत नव्हत्या. बाबू म्हणाला, "साहेब, असं काम आता कुटं बघायला मिळतंय. फोडताना जिवावर येतंय बगा." फोडत मात्र होता.

खालचे शेख काका वर आले. अण्णांच्या खात्यातले, एका दिवशी रिटायर झाले दोघं. मला वाटलं आवाजाची तक्रार. तसं नव्हतं. दारात उभं राहून बघत होते. म्हणाले, "रीडेव्हलपमेंटचं चाललंय, त्याच्या आधी कशाला खर्चात पडतो?" रीडेव्हलपमेंटचं मी दहावीत होतो तेव्हापासून चाललंय.

आई आतल्या खोलीत पलंगावर. तोंडाला पदर. धूळ फार.

११ डिसेंबर, बुधवार
दु. ३ला बाबूचा फोन, मावशी पडल्या. हाफ डे टाकून निघालो. नाशिक फाट्याला अर्धा तास अडकलो.

आई सिमेंटच्या गोण्यांवर आदळली. कपाळाला दोन टाके. हात-पाय ठीक. शेख काकांनी रिक्षानं नेऊन आणलं होतं मी पोचायच्या आत.

मी बाबूला बोललो. गोण्या वाटेत का ठेवल्या, म्हातारं माणूस घरात आहे. तो ऐकून घेत होता. नंतर जिन्यात म्हणाला, "साहेब, गोण्या भिंतीला लावल्या व्हत्या. वाट मोकळी व्हती. आज सकाळी हॉल आन् स्वयंपाकघरामधला उंबरा काडला. मावशी पायानं उंबरा हुडकत हुडकत गेल्या न् गोण्यांवर गेल्या. त्यांना डाव्या बाजूचं दिसत न्हाई वाटतं."

मी म्हटलं, असं काही नाही.

१२ डिसेंबर, गुरुवार
रात्री तिच्याकडेच राहिलो होतो. सकाळी चहा केला, कप तिच्या डाव्या हाताशी ठेवला. वाट बघत बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "चहा देणार होतास ना?"

कप उचलून तिच्या हातात दिला. तिला कळलं मी काय केलं ते.

"कधीपासून?"
"डावा दोन वर्षं झाली. उजव्यानं दिसतं."
"किती दिसतं?"
"तुझं तोंड दिसतं."

दोन वर्षांत मी दर गुरुवारी आलोय. जेवलोय, बसलोय, तिनं वाढलंय. मी वर्कशॉपमध्ये इन्स्पेक्शनला आहे, तयार भाग तपासतो. केसाएवढा फरक असला तर जॉब बाजूला काढतो. हे लिहून ठेवतो, दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही.

बाबूला काम थांबव सांगितलं. वर्षाला फोनवर सांगितलं. ती कंपनीच्या बसमध्ये होती, चाकणहून परतताना. शनिवारची रजा टाकते म्हणाली.

१४ डिसेंबर, शनिवार
डोळ्यांचे डॉक्टर. वर्षाही बरोबर. काचबिंदू. एका गोल भांड्यासारख्या मशीनमध्ये तोंड घालून बसवतात. आत उजेडाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं. मी बाहेरून पडद्यावर बघत होतो. ठिपके येत होते, जात होते. आई बटणावर अंगठा ठेवून शांत बसलेली.

डाव्या डोळ्याला उजेड-अंधार एवढंच. उजव्याला मधलं थोडं, नळीतून बघावं तसं. गेलेलं परत येत नाही. आहे ते टिकवायचं. ड्रॉप्स दिवसातून ३ वेळा, महिन्यानं डोळ्यातलं प्रेशर बघू.

रिक्षात आईनं सांगितलं. सोसायटीत डोळ्यांचं शिबिर झालं होतं, तिथल्या पोरीनं मोठ्या दवाखान्यात जा म्हणून चिठ्ठी दिली होती. ती तिनं फाडून टाकली.

वर्षा म्हणाली, "आई, आम्हाला सांगायचं तरी."
"सांगितलं असतं तर तुम्ही मला भोसरीला नेलं असतं. तिथं मला संडास कुठं आहे ते पण विचारावं लागलं असतं."

मी रिक्षावाल्याला उगाच रस्ता सांगत राहिलो.

१५ डिसेंबर, रविवार
वर्षाची सुट्टी, मी रजा टाकली. आमच्या सुट्ट्या एरवी जुळत नाहीत.

आईला म्हटलं, दाखव कशी चालतेस. आधी नको म्हणाली. मग चपला काढून उभी राहिली.

दारापासून स्वयंपाकघरापर्यंत फरशी गुळगुळीत आहे. चाळीस-पंचेचाळीस वर्षं सगळे तिथूनच चालले. त्या पट्ट्याच्या बाहेर पाऊल गेलं की खडे लागतात. भिंतीकडची काळी पट्टी गार असते. उंबऱ्याला अंगठा लागला की स्वयंपाकघर. तिथून हात उजवीकडे नेला की ओट्याची कड. कडप्पाला एका जागी टवका उडालाय. टवक्याच्या अलीकडे गॅस, पलीकडे पाणी. मीही अनवाणी चाललो. खरंच लागतं. मला कधी लागलं नव्हतं.

मग गॅलरीकडे निघाली. तोडलेली जागा आली तिथं थांबली. पुढं नुसता कोबा आणि माती.
"इथून पुढं मला काही कळत नाही," म्हणाली.

वर्षा खिडकीपाशी उभी होती. तिची यादी तिच्याच फोनमध्ये होती, आज तिनं ती काढली नाही.

१६ डिसेंबर, सोमवार
भोसरी. सकाळी डबा भरताना वर्षा बोलली.

"फरशी राहू दे. भिंत राहू दे. आईंसाठी जे लागेल ते ठेवू. पण मी पण त्या घरात राहणार आहे ना? वीस वर्षं भाड्याच्या घरांत दुसऱ्यांनी बांधलेल्या ओट्यांवर पाठ मोडून घेतली. मला वाटलं होतं, एक स्वयंपाकघर माझ्या उंचीचं होईल."

मी म्हटलं, बघू.
"तुम्ही बघू म्हणता तेव्हा होत नाही."

हे खरं आहे. बस आली, ती गेली.

१९ डिसेंबर, गुरुवार
फरशी शोधायला निघालो. तुटलेल्या जागेला अठ्ठावन्न लागतात. बाबूनं मोजलं, मी दोनदा मोजलं.

भोसरीतल्या दुकानदारानं फरशीचा तुकडा हातात घेऊन वर-खाली बघितला आणि ग्रॅनाइट दाखवायला लागला. कुणीतरी तळेगावचं सांगितलं. तिथं एक म्हातारे अजून हातानं प्रेसवर फरशी काढतात. मोटरसायकलवर गेलो. माणूस भेटला. तुकड्यावर थुंकी लावून घासला, उजेडात धरला. "खडी जुळवून देईन. पण ही इतकी वर्षं पायाखाली घासलीय. तेवढं घासून मी देऊ शकत नाही." प्रामाणिक माणूस. महिना लागेल म्हणाला. चहा पाजला.

२२ डिसेंबर, रविवार
मी ड्यूटीवर असताना वर्षाचा फोन. ती आईकडे गेली होती. शेख काकांनी तिला सांगितलं की मागच्या बिल्डिंगमध्ये एक घर तोडतायत, तीच फरशी, तिथला राडारोडा गेटजवळ टाकलाय, उद्या डंपर येणार.

संध्याकाळी पोचलो तर वर्षा ढिगावर. साडीचा पदर खोचलेला, हातात बाबूचे हातमोजे, केसांत चुना. शेख काका खुर्ची टाकून बाजूला, सांगत होते, "बेटा, ती नको, तिला चीर आहे." अख्ख्या फरश्या तिनं भिंतीला लावून ठेवल्या होत्या. एकतीस.

मी म्हटलं, माझ्यासाठी थांबायचं होतंस. म्हणाली, "डंपर थांबणार होता का?"

दोघांनी मिळून दुसऱ्या मजल्यावर चढवल्या. एका फेरीत चार. शेवटच्या फेरीला आईनं दारात पाणी धरलं. तांब्या वर्षाच्या हाताला नीट लागला.

२४ डिसेंबर, मंगळवार
सत्तावीस कमी. बाबूनं मार्ग काढला. "मावशींच्या पलंगाखालची काडू. तिथं तळेगावची नवी बसवू. पलंगाखाली कोण चालतंय?"

साधी गोष्ट. मला आठवडाभर सुचली नाही.

पलंग सरकवला. खाली फरशी काल बसवल्यासारखी. लाल, पिवळे, काळे खडे लखलखीत. सगळं घर कधीकाळी असं होतं तर. आईला सांगितलं. म्हणाली, "हो, तुझ्या अण्णांनी पहिल्या दिवशी मला चपला घालून आत येऊ दिलं नव्हतं."

सत्तावीसमधल्या दोन काढताना फुटल्या. बाबू फार हळहळला. त्या दोन जागी तळेगावच्या घेणार.

२ जानेवारी, गुरुवार
उंबरा परत बसला. बाबूनं तो तोडला नव्हता, अख्खा काढून गॅलरीत उभा करून ठेवला होता. सागवानी. मधे खोलगट झालाय. ओल्या कापडानं पुसला तर खालचा रंग मधासारखा निघाला. पॉलिश नको म्हटलं.

सोमवारी वायरमन आला होता. जुने काळे बोर्ड, टक्क आवाजाची गोल बटणं. ती ठेवायची माझी इच्छा होती. त्यानं एक उघडून दाखवलं. आतल्या वायरचं कापड हात लावल्यावर गळून पडलं. "दादा, हे ठेवायचं असंल तर मी हात लावत नाही." काढली सगळी. नवी त्याच जागी, त्याच उंचीवर.

आई तीन दिवस चुकीची बटणं दाबतेय. नवी चपटी आहेत, एकसारखी. काल दिवा समजून पंखा लावला आणि थंडीत बसून राहिली. तक्रार केली नाही. याला इलाज नव्हता, तरी.

६ जानेवारी, सोमवार
बाबूनं फरशी पॉलिशचं मशीन आणलं. सगळी एकसारखी चकचकीत करतो म्हणाला. मी हो म्हणणार होतो. वर्षा म्हणाली, "अहो, एकसारखी झाली तर आईंना काय लागणार पायाला?"

मशीन परत गेलं. हॉल तसाच, निस्तेज. पुसून पुसून जेवढा उजळला तेवढा. वर्षाला तो आवडत नाही, हे तिच्या पोछा पिळण्यावरून कळतं.

९ जानेवारी, गुरुवार
ओटा. बाबू लेव्हल लावून उभा, मी मधे. आईच म्हणाली, "कर वर. वर्षा उंच आहे, तिनं का वाकायचं?" वर्षा म्हणाली, "आणि तुम्ही पाटावर उभ्या राहून पोळ्या करणार? पडलात तर?"

दोघी एकमेकींसाठी भांडत होत्या आणि दोघी चिडल्या होत्या. मी गॅलरीत गेलो. अण्णांनी बनवलेलं ग्रिल खरवडत बसलो. रंगाचे सात थर निघाले. खाली वेल्डिंग इतकं साफ आहे की आमच्या शॉपमधल्या पोरांना आणून दाखवावं.

तासाभरानं आत गेलो तर ठरलं होतं. खिडकीकडची लांब बाजू वर, ती वर्षाची. टवक्याची आखूड बाजू आहे तिथंच, ती आईची. गॅस दोन. बाबू म्हणाला, "असला ओटा मी आजवर बांधला न्हाई." पायरीसारखा दिसतो. वाईट नाही दिसत.

१२ जानेवारी, रविवार
गॅलरीकडची फरशी बसली. तळेगावची ठरल्याआधीच आली होती. चार दिवस पाय ठेवायचा नाही.

१६ जानेवारी, गुरुवार
आई चालून आली. दारापासून गुळगुळीत, मग एकदम खडे. पलंगाखालची न घासलेली. ती थांबली. पाय मागं घेतला, परत ठेवला.

एवढं करून तिला परकं लागलं तर.

"ही पलंगाखालची ना?"
"हो."
"बरं आहे की. खरखरीत लागलं की गॅलरी आली." अजून दोन पावलं गेली. "इथं एक जास्तच टोचते."
ती तळेगावची. पस्तीस-चाळीस वर्षांनी होईल सारखी.

शेख काकांना चहाला बोलावलं. फरशीकडे बघून म्हणाले, "भाभी, माझ्याकडे पण हीच होती. मुलानं काढली, मी काही बोललो नाही." चहा पिऊन लगेच उतरले.

१८ जानेवारी, शनिवार
प्रेशर तपासलं. डाव्याचं सोडा. उजव्याचं ड्रॉप्सनी पुरेसं उतरलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनचा विचार करा. आहे ती नजर टिकावी म्हणून. दिसणं वाढणार नाही. आणि थोडा धोका आहे. क्वचित उरलेलं पण जातं.

"नाही केलं तर?"
"हळूहळू जाईल. किती दिवसांत ते मी सांगू शकत नाही."

आईनं डॉक्टरांना विचारलं, "ऑपरेशननंतर वाकायचं नसतं ना?" हो, महिनाभर. जड उचलायचं नाही, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही. "बरं," म्हणाली. तिचं बरं कशाला होतं ते मला कळलं नाही.

परत येताना मी दोन्ही बाजूंनी बोलत होतो. एकदा करू या, एकदा थांबू या. शेवटी म्हणाली, "सतीश, डोळा माझा आहे."

२६ जानेवारी, रविवार
आम्ही राहायला आलो. मार्चपर्यंत थांबलो नाही. टेम्पो, बारा खोकी, फ्रिज, वर्षाचं शिलाई मशीन. ऋतुजा नाशिकहून आली. तिला सगळं दाखवलं. म्हणाली, "बाबा, हॉल अर्धवट वाटतो." मग तिला चपला काढून चालायला लावलं. दोनदा गेली-आली.

सामान कुठं ठेवायचं हे आई ठरवत होती. फ्रिज तिनं तीनदा हलवायला लावला.

१ फेब्रुवारी, शनिवार
पहिला आठवडा. वर्षा पाचला उठून तिच्या बाजूला भाजी करते, आई तिच्या बाजूला पोळ्या. कालची एक पोळी करपली. डब्यात तीच माझ्या वाट्याला. कुणी घातली ते विचारलं नाही.

डॉक्टरांची दहा तारखेची, सोमवारची वेळ घेतलीय. त्या दिवशी हो किंवा नाही सांगायचं.

६ फेब्रुवारी, गुरुवार
सुट्टी. बाबू उरलेलं सामान न्यायला आला. मावशींच्या पाया पडला. जाताना मला म्हणाला, "साहेब, माझी आई पण असंच करते का बगून येतो. गावाकडं एकटीच हाय." पुढच्या आठवड्यात गावी जाणार आहे.

मी आईला विचारलं, ठरलं का? म्हणाली, "सोमवार अजून आलाय कुठं?"

९ फेब्रुवारी, रविवार
फर्स्ट शिफ्ट. साडेचारला घरी. दार उघडं होतं. आई हॉलच्या मधे उभी, डोळ्यांवर वर्षाची ओढणी बांधलेली. वर्षा उंच ओट्यावर पाय सोडून बसलेली, तिथून सांगत होती. "डावीकडे फ्रिज. नाही, अजून एक पाऊल. हां."

मी म्हटलं, "हे काय चाललंय?"
"सवय करतेय," आई म्हणाली. आवाजाच्या दिशेनं वळली, थोडी चुकली.
"म्हणजे ऑपरेशन नको?"
"तसं कुठं म्हटलं मी? बरं झालं तर बरंच आहे. नाही झालं तर काय तेव्हा शिकत बसू?"
"मग उद्या हो सांगायचं?"
"चहा कोण कोण घेणार ते सांग आधी."

उंबरा ओलांडून आत गेली. टवका सापडला. पातेलं, पाणी, साखर. साखर दोनदा घातली. लायटर उचलला. पहिल्यांदा पेटला नाही, गॅसचा वास आला. दुसऱ्यांदाही नाही.

मी उठलो. वर्षानं माझ्याकडे बघून नको अशी मान हलवली, तिचा हात आईच्या गॅसच्या नॉबपाशी तयार होता, ती हलली नाही. मी परत बसलो.

तिसऱ्यांदा पेटला.